आजींची बहिरी आई

मस्कतमधल्या मवालेहच्या भाजी मार्केटात मी दर शुक्रवारी शेजारच्या ओमानी आजींना गाडीतून घेऊन जायचे. पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजी मत्रहच्या बाजारात भारतीय व्यापाऱ्यांमध्ये वाढलेल्या, त्यामुळे हिंदी फाडफाड बोलायच्या. व्याकरणाशी मात्र उभं वैर. भेंडी मोडून बघण्यात त्या माझ्या सासूबाईंनाही हरवतील.

एकदा त्यांनी माझ्या हातातली कांद्याची पिशवी घेतली आणि सरळ डोक्यावर ठेवली.

"अहो आजी, पडाल!"

"डोक्यावर ओझं असलं की बाईला कुणी अडवत नाही," त्या हसल्या. "माझी आई म्हणायची."

परतताना माबेलाच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. मी त्यांच्या आईबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

आजींची आई गुलाम होती. लहानपणी पळवून आणून बातिना किनाऱ्यावरच्या एका खजूरवाल्या घरात विकलेली. पाणी भरायचं, खजूर वाळवायचे, मालकिणीचे पाय चेपायचे. एकदा हाकेला ओ द्यायला उशीर झाला म्हणून मालकाने तिच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवसापासून ती बहिरी झाली.

"अरेरे!"

"कसलं अरेरे! ठणठणीत ऐकू यायचं तिला. पण दहा हाकांनंतर एकदा वळायची. शेवटी कंटाळून त्यांनी निम्मी कामं सांगायचीच सोडली. आणि तिच्यासमोर वाट्टेल ते बोलायला लागले."

त्यातूनच तिला कळलं, की मस्कतला इंग्रजांच्या वकिलातीत झेंड्याचा खांब आहे, त्याला गुलामाने मिठी मारली की सुटकेचा कागद मिळतो. मालक पाहुण्यांना हे चिडून सांगत होता. ही तिथेच कॉफी ओतत होती. दोन वर्षांनी तिने आणखी एक ऐकलं: मालकाच्या मुलीच्या लग्नात आंदण म्हणून सहा वर्षांच्या आजींना द्यायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घेतली, मुलीचा हात धरला आणि समोरच्या दारातून चालायला लागली. वाटेत दोघांनी हटकलं. तिने कानाकडे बोट दाखवलं आणि पुढे निघाली. चार दिवस चालल्या, टोपलीतलीच मासळी खात.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"माझा हात ती सारखा घट्ट आवळायची. मला वाटायचं, टोपली जड आहे."

वकिलातीत पोचल्यावर आईने खांबाला मिठी मारली ती सोडेचना. कारकुनाने नाव विचारलं. इतक्या वर्षांची सवय, ती गप्पच. तो घसा फोडून ओरडायला लागला.

"मग मीच सांगितलं, हिला ऐकू येतं! आईने असा चिमटा काढला मला!" आजींनी हसत दंड चोळला.

काही दिवसांनी मालकाचा माणूस आला. म्हणाला, "आमची बहिरी बाई परत द्या."

कारकून म्हणाला, "बहिरी? इथली बाई तर सकाळपासून माझ्याशी भांडतेय."

कागद मिळाला. मग आई मत्रहला कपडे धुऊ लागली, मजुरी घेऊन. वर्षभराने तिने एका मासळीवाल्याकडून त्या घरातल्या इतर गुलाम बायकांना खांबाचा निरोप धाडला. महिन्याभरात दोघी येऊन पोचल्या, डोक्यावर टोपल्या घेऊन. चौघी एका खोलीत राहिल्या. त्यातल्याच एका मावशीने पुढे आजींचं लग्न जमवलं. नवरा मुलगा बघायला सगळ्यात आधी ती मावशी स्वतःच गेली होती, आणि त्याला तिने तासभर प्रश्न विचारले होते.