सबनीस साहेबांच्या बिनभिंतींच्या घराचा रंग

रंगकामाच्या धंद्यात माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभा असतो. त्यामुळे घरातल्यांना वाटतं, ह्याला पाठीमागचं काही ऐकू येत नाही. मग ते बिनधास्त भांडतात, पाहुण्यांची नक्कल करतात, सासूबद्दल बोलतात. आपण आपला ब्रश वरखाली करत राहायचं! अशी पंचवीसेक वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात.

मी पालघरात रंगकामाची कंत्राटं घ्यायचो. घरं पुष्कळ रंगवली. पण मंडळी जमली, चहा झाला, की फर्माईश एकाच घराची होते. "राऊत, ते सबनिसांचं सांगा!"

तर ऐका.

* * *

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला मोठ्या प्रकल्पाचं काम सुरू झालं होतं. बोईसर स्टेशनवर उतरलं की पँट-बुशशर्टातले साहेब दिसायला लागले होते. सबनीस साहेब त्यातलेच. इंजिनिअर. ट्रेनिंगसाठी सहा महिने परदेशात राहून आलेले. सहाच महिने, पण बोलताना असं वाटायचं की जन्म तिकडे झाला आणि ट्रेनिंगसाठी इकडे आलेत.

त्यांनी तारापूरच्या रस्त्याला स्वतःचं घर बांधलं आणि मला रंगासाठी बोलावलं. मी हिराजी मिस्त्रीला घेऊन गेलो. हिराजी सातपाटीचा. अर्धं आयुष्य होड्या रंगवलेला. हात असा साफ, की ब्रशचा एक केस भिंतीवर दिसणार नाही. तोंड मात्र तेवढं साफ नव्हतं.

आम्ही आत शिरलो. हॉल, त्यातच जेवणाचं टेबल, त्यातच पलीकडे ओटा आणि शेगडी. मध्ये काहीच नाही! शाळेच्या वर्गासारखं सलग. झोपायची खोली तेवढी कोपऱ्यात वेगळी, पण तिलाही दाराऐवजी पडदा.

साहेब दोन्ही हात पसरून म्हणाले, "ओपन प्लॅन! तिकडे आता सगळी घरं अशीच. भिंती म्हणजे जुना विचार."

हिराजीने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि अगदी मनापासून विचारलं, "मंग साहेब, रंग कशाला लावायचा? वाऱ्याला?"

* * *

रंग कोणता, हा प्रश्न साहेबांनी परदेशातच सोडवून आणला होता.

"न्यूट्रल," ते म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे क्रीम आहे, बदामी आहे, मोतिया आहे, फिका राखाडी आहे. न्यूट्रल नावाचा डबा अजून पालघरला आलेला नाही."

"राऊत, न्यूट्रल हा रंग नसतो. तो अॅटिट्यूड असतो!"

आता अॅटिट्यूड किती लिटर लागेल, हे मला विचारता येईना. माझी अडचण ओळखून साहेबांनी कपाटातून एक विलायती मासिक काढलं. ते एका फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. त्यातलं एक पान उघडून त्यांनी आमच्यासमोर धरलं. मोठा हॉल, सोफा, खिडकी, खिडकीत कुंडी.

"हा. एक्झॅक्ट हाच रंग पाहिजे. थोडासुद्धा इकडेतिकडे चालणार नाही."

हिराजी पानाजवळ गेला. लांब झाला. पुन्हा जवळ गेला.

"साहेब, ह्यो फोटू काळा-पांढरा हाय."

साहेबांनी मासिक स्वतःकडे वळवलं. क्षणभर बघितलं. मग शांतपणे मिटून परत फडक्यात गुंडाळलं.

"रंग खरा न्यूट्रल असला," ते म्हणाले, "की रंगीत फोटोतसुद्धा असाच दिसतो!"

* * *

शेवटी नमुने लावायचं ठरलं. मी शेड कार्ड दिलं. साहेबांनी आणि मालतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मिळून त्यातले बारा फिके रंग निवडले. हिराजीने हॉलच्या भिंतीवर वीतभर लांबीरुंदीचे बारा चौकोन रंगवले आणि खाली पेन्सिलीने नंबर टाकले.

आठ दिवस त्या घरात दुसरा विषय नव्हता. सकाळच्या उन्हात बघायचं, दुपारी बघायचं, दिवेलागणीला बघायचं. बाईंना पाच नंबर आवडला. त्यात म्हणे "ऊब" होती. साहेबांचा आठ नंबर. त्यात "डेप्थ" होती. बाई म्हणाल्या, आठ नंबर आजारी माणसासारखा दिसतो. साहेब म्हणाले, पाच नंबर बघून मला साखरेच्या पाकाची आठवण येते. शेजारचे आणखी एक इंजिनिअर सपत्नीक येऊन निरीक्षण करून गेले. त्यांच्यातही दोन पक्ष पडले!

अखेर तह झाला. उगवतीकडच्या भिंतीला पाच, मावळतीकडच्या भिंतीला आठ.

परत येताना मी हिराजीला म्हटलं, "दोन्ही रंग वेगवेगळे ठेव हं, एकमेकांत मिसळू नकोस."

हिराजी सायकल ढकलता ढकलता थांबला. "भाऊ, एक सांगू? चारपासून नऊपर्यंतचे समदे मी एकाच डब्यातून लावले."

"काय!"

"कार्डावर समदे सारखेच दिसले. मला वाटलं, साहेब मस्करी करतात."

मी ते कुणाला सांगितलं नाही. का सांगू? दोघं सुखी होती. पुढे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला साहेब खोलीच्या मधोमध उभं करून दोन भिंतींतला फरक दाखवायचे आणि एकजात सगळ्यांना तो दिसायचा! शेजारच्या इंजिनिअरने तर मला मुद्दाम निरोप पाठवला, "आम्हाला आठ नंबर. पाच अजिबात नको."

* * *

काम निम्म्यावर आलं आणि बाईंच्या मनात आलं, ओट्यामागची एक भिंत तरी पिस्ता रंगाची असावी.

"माहेरी आमचं स्वयंपाकघर पिस्ता होतं," त्या म्हणाल्या.

साहेब म्हणाले, "मालती, स्वयंपाकघर असेल तर त्याला रंग असेल ना? आपल्याकडे स्वयंपाकघर नाहीच. फक्त स्वयंपाक आहे!"

युक्तिवाद बिनतोड होता. म्हणून बाई जास्तच भडकल्या. आता, नवराबायकोच्या भांडणात बायकोने आत जाऊन दार आपटायचं असतं. बाई तरातरा झोपायच्या खोलीकडे गेल्या. तिथे पडदा! तो त्यांनी रागाने ओढला. पण पडदा काही आपटत नाही. रिंगा नुसत्या छुमछुम वाजल्या आणि पडदा पुन्हा होता तिथे आला.

मग त्यांना आठवलं, दार असलेली एकच जागा घरात आहे. न्हाणीघर. बाई तिकडे गेल्या. आत हिराजी स्टुलावर उभा राहून छताला हात मारत होता.

"हिराजी, बाहेर ये!"

हिराजीने वरूनच सगळं ऐकलेलं होतं. त्या घरात न ऐकायची सोयच नव्हती. तो अत्यंत आदराने म्हणाला, "बाय, एक कोपरा राह्यलाय. तेवडा मारून घेतो, मंग तुमी दिवसभर रुसा!"

बाईंना हसू फुटलं. ते साहेबांना दिसू नये म्हणून त्या घाईने वळल्या आणि पाठीने दाराला टेकल्या. दाराला नुकताच ऑइल पेंटचा पहिला हात दिला होता. चांगल्या निळ्या साडीवर पाठभर क्रीम पट्टा उमटला.

साहेब लांबून बघत होते. म्हणाले, "बघ, न्यूट्रल कशावरही शोभतो की नाही!"

पुढचे दोन दिवस बाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

* * *

काम संपलं. घर खरंच छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू? पायरीवर उभं राहिलं की आत नुसता उजेड भरलेला. साहेबांनी आम्हाला चहा दिला आणि आम्ही सगळे हॉलमध्ये उभे राहून त्या भिंतींकडे बघत होतो.

तेवढ्यात दांडी गावची जानकी आली. रोज बाईंना मासळी द्यायची ती. टोपली उतरवली, दारातून आत डोकावली, चारी बाजूंना नजर फिरवली.

साहेब मोठ्या उत्सुकतेने म्हणाले, "काय जानकी, कसं वाटलं?"

"बेस हाय!" जानकी म्हणाली. "अस्तर एकदम झकास झालंय. आता रंग कवा लावनार?"

हिराजीला चहाचा ठसका लागला. तो बाहेर जाऊन बराच वेळ खोकत होता. त्यात खरा खोकला किती होता, याची मला अजून शंका आहे.

* * *

घराची वास्तुशांत झाली. त्यानंतर साहेबांनी कामावरच्या एका गोऱ्या साहेबाला जेवायला बोलावलं. हे मला बाईंनी स्वतः सांगितलं. सगळ्या घराचा हेतूच तो होता, असं त्यांचं मत होतं. स्वतःच्या देशातल्यासारखं घर बोईसरला बघून तो माणूस गहिवरेल, अशी साहेबांची कल्पना.

पाहुणा सोफ्यावर बसला. सहा पावलांवर बाई बोंबील तळत होत्या. मग आमटीला फोडणी पडली, मिरची उडाली, आणि पाहुण्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. साहेबांना वाटलं, गहिवरला!

"तुमच्या घराची आठवण झाली ना?" साहेबांनी विचारलं.

"हो," पाहुणा रुमालाने डोळे टिपत म्हणाला.

"तुमचंही असंच असेल. ओपन प्लॅन."

"छे छे! आमच्या घराला चांगल्या जाड भिंती आहेत. माझी बायको फार मोठ्याने बोलते."

* * *

त्या वर्षी पाऊस ओसरल्यावर साहेबांचे वडील, नाना, मुलाकडे राहायला आले. त्यांचं आयुष्य केळव्याच्या वाडीत गेलेलं. बायको वारल्यावर एकटेच राहत होते आणि आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणायचे, अजून पिकला नाही, पिकल्याशिवाय काढता येणार नाही.

"आयुष्यभर केळी पिकवली," नाना म्हणायचे, "आता हा पिकायची वाट बघतोय."

पण त्या घरात त्यांना काही म्हणजे काही उमगेना. फरशी फिकी, भिंत फिकी, भिंतीतून पुढे आलेला खांबही फिका. कुठे काय संपतं आणि कुठे काय सुरू होतं, पत्ता लागत नव्हता. दोन दिवसांत कपाळाला टेंगूळ आलं. नाना मुलाला म्हणाले, "अरे, माझ्या डोळ्यांत जे झालंय, तेच तू भिंतींना लावून ठेवलंयस!"

मग ते हाताने चाचपत चालायला लागले. हॉलमध्ये टाकलेल्या खाटेपासून न्हाणीघरापर्यंत, न्हाणीघरापासून जेवणाच्या टेबलापर्यंत. भिंतीवर हातांचे मळकट ठसे उमटले. बाईंनी ओल्या फडक्याने पुसले, तर डिस्टेंपरचा रंगच निघून आला आणि डाग दुप्पट झाले. साहेब वैतागले. एकदा जरा चढ्या आवाजात बोलले, "नाना, भिंतीला हात नका ना लावू!"

नानांनी हात काढून घेतला. त्या दिवसापासून दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायला लागले. चार दिवसांनी खांबावर आपटून पडले. मनगट सुजलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक भरली. म्हणाले, "मला केळव्याला सोडून ये. तिथे मला डोळे मिटूनसुद्धा दार सापडतं."

हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. आम्हाला एवढाच निरोप आला होता, "भिंतींवर डाग पडलेत. रविवारी उरलेला डबा घेऊन या."

मी आणि हिराजी रविवारी सकाळी गेलो. दार उघडंच होतं. दाराशी दोरीने बांधलेली ट्रंक. नाना खाटेवर बसलेले, मनगटाला फडकं गुंडाळलेलं. आणि आमचे इंजिनिअर साहेब बनियन-लेंग्यावर, गुडघे टेकून भिंतीशी बसले होते. हातात ब्रश. शेजारी बाई गेरूने भरलेलं पातेलं धरून उभ्या. आम्ही आल्याचं दोघांनाही कळलं नाही.

साहेब त्या क्रीम भिंतीवर गेरूचा चार बोटं रुंद लाल पट्टा ओढत होते. नानांच्या हाताचा एक ठसा, त्यावरून पुढचा ठसा, त्यावरून त्याच्या पुढचा. एकही डाग सोडत नव्हते. पट्टा खाटेपासून निघाला होता, खांबाला वळसा घालून न्हाणीघराच्या दाराशी पोचला होता. कुठे वर चढत होता, कुठे खाली उतरत होता.

"काय चाललंय रे?" नानांनी खाटेवरून विचारलं.

"काही नाही नाना. रंग."

नाना उठले. सवयीने पाठीमागे गेलेले हात सोडवून पुढे घेतले. भिंतीजवळ डोळे नेऊन म्हणाले, "इथे काहीतरी लाल दिसतंय."

आणि पट्ट्यावर बोटं ठेवून चालायला लागले. बोटं लाल होत होती, पट्टा फिसकटत होता. साहेब त्यांना वाट देण्यासाठी बाजूला सरकले आणि पुन्हा पुढचा पट्टा ओढायला लागले.

हिराजीला राहवेना. जन्मभर सरळ रेघ मारलेला माणूस तो. खिशातून दोरी काढून पुढे झाला.

"साहेब, पट्टा वाकडा चाललाय. थांबा, दोरी मारून देतो."

साहेबांनी वर न बघताच ब्रश गेरूत बुडवला.

"नको हिराजी," ते म्हणाले. "नाना कुठे सरळ चालतात?"