तुमच्या लग्नात कोणी शिजवलं होतं?

वैजापूरच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीखाली उभं राहून आण्णा, माझे वडील, मला म्हणाले, "इतके दिस कांद्याच्या गोण्या नेल्यास. त्या काय बोलत नाय. आता गाडीत माणसं बसतील. कुणी काय इचारलं तर नीट सांगत जा." कंडक्टरनं घंटी मारली. आण्णांनी हात हलवला नाही. बैलाच्या पाठीवर मारावी तशी एसटीच्या पत्र्यावर एक थाप मारली आणि मागं न बघता मार्केट यार्डाकडं चालू लागले.

आम्ही तिघे भाऊ. शेतात दोघांना पुरेल एवढंच काम. मी धाकटा, एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर गाडी शिकलो होतो, म्हणून मी निघालो. औरंगाबादला टुरिस्ट टॅक्सीवर ड्रायव्हर पाहिजे होता. तेव्हा औरंगाबादच म्हणायचे; आता संभाजीनगर झालं, पण माझ्या तोंडात दोन्ही येतात. गावाकडची पोरं आता वाळूजला कामाला लागतात, बजाजनगरला खोली घेतात आणि मला फोन करून विचारतात, "काका, इथं चांगलं खायला कुठं मिळतं?" ते विचारलं की मला माझे पहिले आठ महिने आठवतात. म्हणून हे तुमच्यासाठी लिहितो, जे गावात राहिले त्यांच्यासाठी आणि जे माझ्यासारखे निघून आले त्यांच्यासाठीही.

ते आठ महिने मी शहर बघितलं ते फक्त काचेतून. सकाळी स्टेशन, मग वेरूळ, दौलताबाद, पाणचक्की, संध्याकाळी परत स्टेशन. स्टेशनजवळच्या एका खोलीत राहायचो आणि शेजारच्या खानावळीत जेवायचो. तिथला वाढपी नगरचा होता, त्याची आमटी आमच्याकडच्यासारखी लागायची, म्हणून दुसरीकडं कुठं गेलोच नाही. शहागंजच्या गल्ल्यांत तर पाय ठेवला नाही. त्याचं कारण सांगायला मला बरीच वर्षं लागली. रझाकारीच्या दिवसांत आमचे आण्णा अकरा रात्री ज्वारीत लपून होते. ते त्यावर कधी बोलत नसत, पण आत्या सांगायची. लहानपणी ऐकलेलं माझ्या अंगात बसलं होतं. कुठं उर्दू पाटी दिसली की माझा पाय आपोआप एक्सलेटरवर दाबला जायचा.

पॅसेंजर विचारायचे, इथलं खास काय खायचं? मी त्यांना स्टेशनरोडच्या मोठ्या हॉटेलात नेऊन सोडायचो. पांढरे टेबलक्लॉथ, जाड मेनूकार्ड. ड्रायव्हर लोकांना मागच्या बाजूला फुकट थाळी मिळायची. सगळेच ड्रायव्हर तिथं न्यायचे. मला वाटायचं, आपण नीट उत्तर दिलं.

मग एका सकाळी हैदराबादच्या गाडीतून एक म्हातारी बाई उतरल्या. बुरखा मागं टाकलेला, हातात पानाचा पितळी डबा, सोबत वीस-बावीस वर्षांची नात. नातीचं नाव नसीम. चार दिवसांसाठी गाडी पाहिजे होती. मी नाव सांगितलं, "भाऊसाहेब."

"ड्राइवर का नामच साहब है," म्हातारी नातीला म्हणाली, "तो मैं क्या बोलूँ? मैं बेटा बोलती."

मीही त्यांना अम्मा म्हणू लागलो. विचारलं, आधी वेरूळ की दौलताबाद? त्या म्हणाल्या, "पत्थर कहीं नहीं भाग रे. पहले खाना. यहाँ का अच्छा खाना किधर मिलता?"

मी नेहमीच्या हॉटेलात नेलं. मागच्या बाजूला मी थाळीवर बसतच होतो, तेवढ्यात नसीम बोलवायला आली. अम्मांसमोर ताट तसंच होतं. त्यांनी एक घास खाऊन बाजूला सारलं होतं.

"बेटा, ये हैदराबाद में भी मिलता, बंबई में भी मिलता. मेरे को औरंगाबाद का होना. नान-खलिया. तू कहाँ खाता?"

नान आणि मटणाचा रस्सा, लग्नाकार्यातला, एवढंच मी ऐकून होतो. मी खाली बघून सांगितलं, "म्या कधी खाल्लंच नाय अम्मा."

"कितने दिन हुए आके?"

"आठ महिने."

त्या रागावल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या, एखाद्या आजारी माणसाकडं बघावं तशा. "आठ महीने से शहर में है, और एक निवाला शहर का नहीं खाया. तो तू आया कहाँ रे? तू तो अभी गाड़ी में ही बैठा है."

मला ते लागलं. आण्णांचं स्टँडवरचं बोलणं आठवलं. लोक विचारत होते आणि मी आठ महिने प्रत्येकाला चुकीचं सांगत आलो होतो.

गाडीत बसल्यावर नसीमनं खरं कारण सांगितलं. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं. अम्मा शहागंजजवळच्या गल्लीत वाढलेल्या. पोलीस ॲक्शननंतर सहा महिन्यांनी त्यांचे वडील सगळ्या घराला घेऊन हैदराबादला गेले ते कायमचे. अम्मांचं स्वतःचं लग्न तिकडं झालं, मुलांची झाली, पण कुणाच्याच लग्नात नान-खलिया झाला नाही. तिकडं बिर्याणी. आता शेवटच्या नातीच्या लग्नात तरी आपल्या गावचं जेवण व्हावं, एवढाच त्यांचा हट्ट होता. त्यासाठी शिजवणारा माणूस शोधायला त्या आल्या होत्या.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तीन हॉटेलं हिंडलो. मी बाहेर थांबायचो, त्या दोघी आत जायच्या. पहिल्या ठिकाणाहून येऊन अम्मा म्हणाल्या, नान शिळं आहे. दुसऱ्या ठिकाणचा मसाला फार बोलतो, गोश्त बोलतच नाही. तिसऱ्या हॉटेलातून आल्या त्या थेट गाडीत. मागच्या सीटवर डोकं टेकून बसल्या. आरशात मला त्यांचे डोळे मिटलेले दिसत होते. नसीम हळूच म्हणाली, "दादीजान, वापस चलते. बिर्याणी भी अच्छी होती."

त्या दुपारी गुलमंडीत गाडी उभी करून मी चहा पीत होतो. समोर एक कासारीण बांगड्यांच्या पेटाऱ्याशी बसली होती, एका नवरीच्या हातात चुडा भरत. ते बघता बघता माझ्या डोक्यात आलं, आमच्या गावात लग्न निघालं की कुणी हॉटेल शोधतं का? अमक्याच्या लग्नात बुंदी कुणी पाडली होती, हेच विचारतात. आणि कासारीण तर प्रत्येक लग्नघरात जाते, हिंदूच्याही आणि मुसलमानाच्याही.

मी जाऊन विचारलं, "मावशी, नान-खलिया सगळ्यात चांगला कुठं मिळतो, ते नाय इचारत. तुम्ही बांगड्या भरता त्या लग्नांत शिजवतं कोण?"

ती हसली. "हां, आता बरोबर इचारलंस. लतीफ भटियारा. रोशन गेटच्या आत. पाटीबिटी काय नाय. वासावर जा."

अम्मा आणि नसीमला घेऊन खरंच वासावर गेलो. गल्ली इतकी अरुंद की गाडी तोंडाशीच लावावी लागली. मोकळ्या जागेत चुलाणावर दोन मोठे देग चढवलेले. पलीकडं जमिनीतल्या तंदुरापाशी बनियन घातलेला साठीचा एक माणूस लांब सळईनं नान काढत होता. त्यावर हळद आणि गुळाच्या पाण्याचा हात फिरवला की नान पितळेसारखं चकाकायचं. अम्मा जागीच उभ्या राहिल्या.

"आज बेचने का नहीं है अम्मा," लतीफचाचा न बघताच म्हणाले, "आज शादी का है."

"शादी का है, इसीच वास्ते आई," अम्मा म्हणाल्या.

त्यांनी आपण कोणाची मुलगी, कोणत्या गल्लीतली, ते सांगितलं. चाचांनी सळई खाली ठेवली. त्यांच्या वडिलांनीच अम्मांच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचा खलिया शिजवला होता. मग काय! लग्नघरचा यजमान धावत आला, "हैदराबाद से आए, शहर की बेटी है, खाए बगैर कैसे जाएँगे?" बायकांची पंगत पलीकडच्या अंगणात होती, पण वय बघून अम्मांसाठी इथंच ओट्यावर कापड अंथरलं.

मी म्हणालो, "मी गाडीपाशी थांबतो."

"क्यों?" अम्मांनी विचारलं.

"गाडी... रस्त्यात उभी हाय."

"गाड़ी को क्या होता? सच बोल."

दोन दिवस त्या बाई माझ्याशी आईसारखं बोलल्या होत्या. खोटं बोलवेना. मी आण्णांच्या अकरा रात्री सांगितल्या. सांगताना माझा आवाज मला परका वाटत होता, कारण आजूबाजूला तीच माणसं होती ज्यांच्याबद्दल ते ऐकत मी वाढलो. मला वाटलं अम्मा उठून जातील.

अम्मांनी पानाचा डबा उघडला, मिटला. "हम भी छुपे थे," त्या म्हणाल्या. "पुलिस एक्शन के बाद. गुलमंडी में, अब्बा के दोस्त के घर. मारवाड़ी थे. उनके अनाज के कमरे में. मैं बाईस साल की थी. उनकी बहू रोज रोटी-अचार अंदर सरकाती थी, और रोती थी. हमारे डर से नहीं, हमारे वास्ते." मग डबा बाजूला ठेवून म्हणाल्या, "तेरे अन्ना ज्वारी में, मैं ज्वारी की गोनियों के पीछे. अब बैठ. ठंडा होता."

मी चपला काढून बसलो.

लतीफचाचांनी स्वतः वाढलं. नानचा तुकडा तोडला तर वरून कडक आणि आत कापसासारखा. खलियावर लाल तवंग, खाली खोबऱ्या-खसखशीचा दाटपणा, मटण बोटानं सुटणारं. तिखट लागेल म्हणून मी बिचकत घास घेतला. तिखट नव्हतं, गोडसर खोल चव होती, आणि मग मागाहून हळूच मिरी. मी दुसरं नान घेतलं, तिसरं घेतलं. बघितलं तर अम्मा जेवतच नव्हत्या. पहिला घास तोंडात धरून डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. नसीम घाबरली. "दादीजान, क्या हुआ? अच्छा नहीं है?"

अम्मांनी नुसती मान हलवली आणि दुसरा घास घेतला.

लतीफचाचा हैदराबादला यायला आधी तयार नव्हते. म्हणाले, खलिया मी तिकडं येऊन शिजवीन, पण नान माझ्या तंदुराशिवाय होणार नाही. मग त्यांनीच तोड काढली. हे नान दोन-तीन दिवस सहज राहतं. इथं भाजायचं आणि गाडीत न्यायचं. त्याप्रमाणे पुढच्या महिन्यात एका पहाटे आम्ही निघालो. डिकीत, मागच्या सीटवर, पायाशी, पांढऱ्या चादरींत गुंडाळलेली नानं आणि पुढं माझ्या शेजारी लतीफचाचा, मांडीवर मसाल्याची पिशवी घट्ट धरून. जालना गेलं, नांदेड गेलं, आणि ते सगळ्या वाटेत मला एकच गोष्ट शिकवत होते: कांदा किती तळायचा. नसीमच्या लग्नात माणसं पंगतीतून उठून विचारत होती की हे काय आहे. अम्मा दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या, "ये हमारे गाँव का है."

त्यानंतर मी पॅसेंजरला त्या मोठ्या हॉटेलात नेलं नाही. फुकट थाळी गेली, पण शहर मिळालं. कुठल्या गल्लीत इमरती गरम निघते, कुणाकडं सकाळी खिचडीबरोबर चिंचेचा खट्टा देतात, हर्सूलच्या रस्त्याला कोणती बाई हुरडा भाजते, हे मी लोकांना विचारत विचारत शिकलो. ज्यांना विचारलं ती माणसं ओळखीची झाली. दोन वर्षांनी लग्न झालं, रोशन गेटपासून दहा मिनिटांवर खोली घेतली. माझ्या लग्नाची जेवणं गावात झाली, पण इथल्या मित्रांसाठी वेगळी पंगत घातली ती लतीफचाचांनीच शिजवली. अम्मांचं दर ईदला पत्र यायचं, नसीमनं लिहिलेलं. एका वर्षी ते आलं नाही, आणि आम्ही समजलो.

आण्णा मात्र शहरात यायचे नाहीत. आले ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला, पट्टी बांधून आमच्याकडं आठवडाभर राहिले. तिसऱ्या दिवशी लतीफचाचा भेटायला आले, हातात झाकलेला डबा. मला ज्वारीतल्या अकरा रात्री आठवल्या. आण्णांना दिसत नव्हतं, पण बोलण्यावरून कळलं कोण आहे ते. चाचा खाटेशेजारी बसले. मग चाचांनी विचारलं, "वैजापूर तरफ कांदा कैसा है इस साल?"

"बरा हाय," आण्णा म्हणाले. "पाणी कमी पडलं."

त्यावरून दोघं तासभर बोलले. मी डबा उघडला तेव्हा आण्णांनी विचारलं नाही काय आहे. वाढलं तेवढं खाल्लं, आणि बोटं चाटून म्हणाले, "कांदा चांगला परतलाय." चाचा इतके खूश झाले की उठताना त्यांनी आण्णांचे दोन्ही हात हातात घेतले.

पुढं गावी गेलो तेव्हा आमच्या थोरल्या वहिनीनं मला एक सांगितलं. इतकी वर्षं कुणी माझी चौकशी केली की आण्णा म्हणायचे, "धाकटा बाहेर असतो." डोळे नीट झाल्यावर ते पारावर बसले होते, कुणीतरी विचारलं इतके दिवस कुठं होता, तर म्हणाले, "जरा भाऊसाहेबच्या गावाला जाऊन आलो."