पडायला शिकवणारे हूहा सर

हूहा सर म्हशीलासुद्धा वाकून नमस्कार करायचे. सकाळी येताना वाटेत एखादी आडवी उभी असली, की दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ते कमरेत वाकत आणि ती सरकेपर्यंत शांत उभे राहत. ती सरकायचीही! मी हॉर्न वाजवून वाजवून गाडीची बॅटरी उतरवली, तरी माझ्यासाठी आजवर एकही म्हैस हललेली नाही. चहाआधी चहाला, आत शिरताना उंबऱ्याला, बाहेर पडताना परत उंबऱ्याला, असे त्यांचे नमस्कार दिवसभर चालत. "काऊन बे, याची कंबर दुखत नसंल का?" असं माझे दगडूकाका मला कितीदा तरी विचारायचे.

सर गोदावरीच्या पलीकडचे, तेलुगू घरातले. त्यांच्या बायकोची नर्स म्हणून आमच्या बाजारहत्नूरला, मराठी-तेलुगू सीमेवरच्या गावात, बदली झाली आणि तिच्यामागे हे आले, दोन गाद्या, पांढरा पोशाख आणि काळा पट्टा घेऊन. आखाड्याला लागून दगडूकाकांची पत्र्याची शेड आहे, तिथं त्यांनी मुलींसाठी कराटेचा क्लास काढला. ठोसा मारताना 'हू' आणि हात मागे घेताना 'हा'. गावानं बारसं करायला वेळ लावला नाही.

माझं मोबाईलचं दुकान शेडच्या समोर. गिऱ्हाईक कमी आणि नेट फुकट, त्यामुळे मी दिवसभर मारामारीचे विनोदी सिनेमे पाहायचो. त्यांत नेहमी दोघं असतात. एक बडबड्या, एक मुका. दोघं दोन मुलखांतले. एकाचं जेवण दुसऱ्याच्या घशाखाली उतरत नाही, गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत भांडतात आणि शेवटी शिडी, खुर्ची, भाजीचा गाडा, जे हाती लागेल त्यानं गुंडांची मिळून धुलाई करतात. सर समोर दिसले आणि मला वाटलं, मुका तर आला. बडबड्या मी होतोच.

सरांना मात्र त्या सिनेमांचं भलतंच दुःख. हीरो गच्चीवरून उडी मारायचा, मी टाळ्या पिटायचो, आणि सर मोबाईल हातात घेऊन तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहायचे. "अन्ना, ये गलत गिरा. इसका कोहनी गया." ते आमच्या जिल्ह्याच्या हिंदीत बोलायचे, मी मराठीत उत्तर द्यायचो, आणि चिडलो की दोघंही तेलुगूत चिडायचो, कारण ते काम त्या भाषेत फार छान होतं.

त्यांचं सगळं शास्त्र पडण्यापासून सुरू व्हायचं. "पहले गिरना सीखो, मारना बाद में." हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि जमिनीला टेकता टेकता तळहाताचा फाट् असा आवाज. पडलं की लगेच उठायचं आणि म्हणायचं, "एम कालेदू!" म्हणजे काही झालं नाही. मुली दिवसभर धपाधप पडायच्या आणि शेडमधून 'एम कालेदू'चा गजर उठायचा. मीही हौसेनं गेलो. माझ्या पडण्यानं पत्र्यावरची कबुतरं उडाली. सर वाकून म्हणाले, "आवाज अच्छा है, अन्ना."

अडचण अशी, की आमचं गाव कुस्तीचं. आमच्याकडे पाठ मातीला टेकली की खेळ खलास. दगडूकाकांची पाठ उभ्या हयातीत कुणी टेकवली नाही. ते रात्रीसुद्धा कुशीवरच झोपतात, असं काकू सांगते. त्याच घराण्यात मी जन्मलो आणि लहानपणी नारळाच्या कुस्तीतसुद्धा प्रत्येक वेळी नारळ समोरच्याच्या हातात दिला. अशा गावात पोरींना उताणं पडायला शिकवणारा मास्तर किती दिवस टिकणार? एक आई तर तोंडावर म्हणाली, "सर, पोरगी घरी बी पडते. त्याच्यासाठी इथं काऊन धाडू?" एकेक करून मुली कमी व्हायला लागल्या. काकांनी बजावलं, "जत्रेपर्यंत पाहतो. मंग शेडात कापूस भरतो."

शेड गेली की क्लास गेला. त्या दिवशी सरांनी चहाला दोनदा नमस्कार केला. मी म्हटलं, "सर, तुमी फिकीर करू नका. मी हाव ना." माझं हे वाक्य ऐकून आजवर कुणाचंही भलं झालेलं नाही, हे त्यांना कसं ठाऊक असणार!

मी बेत रचला. जत्रेतल्या कुस्त्यांच्या आधी, भर आखाड्यात, आमचा जिवंत सिनेमा. आधी आम्ही दोघं भांडणार. मी सरांना धोबीपछाड मारून आपटणार, ते टुणकन उठणार, मला आपटणार, मग दोन गुंड येणार, आणि आम्ही भांडण विसरून त्यांना लोळवणार. गावाला सरांची करामत दिसेल, मुली परत येतील. गुंड म्हणून कापसाच्या जिनिंगमधले दोन मित्र ठरले. त्यांनी तोंडाला बांधायला काळं फडकं आणलं आणि आठवडाभर मिशा वाढवल्या. फडक्याआड मिशा कुणाला दिसणार, हे मी विचारलं नाही. दिग्दर्शकाला शंभर कामं असतात.

जत्रेच्या दुपारी आखाड्याभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. सर पांढऱ्या पोशाखात मातीला वाकले. मी शर्ट काढला, तेव्हा पहिला हशा आला. मग ठरल्याप्रमाणे मी सरांना खांद्यावर घेतलं (खरं म्हणजे तेच चढले) आणि आपटलं. काय सुंदर पडले! हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहाताचा फाट्...

आणि हलगी कडाडली.

कारण पाठ टेकली होती. आमच्या गावात पुढचं दृश्य नसतं. "चितपट! चितपट!" करत माणसं आत घुसली. सर "एम कालेदू" म्हणत उठले, ते कुणी ऐकलंच नाही. मला चौघांनी खांद्यावर घेतलं, कुणी गुलाल उधळला, कुणी डोक्याला फेटा गुंडाळला. गुंड मिशांसकट बाहेरच राहिले. मी वरून ओरडत होतो, "अरे, अजून बाकी हाय! सिनेमा बाकी हाय!" पण खरं सांगतो, दुसऱ्या फेरीनंतर माझं ओरडणं जरा मंदावलं. जन्मात पहिली कुस्ती जिंकलो होतो हो! खाली सर एकटेच उभे होते आणि मला वाकून नमस्कार करत होते.

संध्याकाळपर्यंत गावभर एकच वार्ता होती, की कराटेवाल्याला बबन्यानं पाडलं. दुसऱ्या कुणी पाडलं असतं तर निभावलं असतं. माझ्याकडून हरलेल्या माणसाकडे पोरगी कोण पाठवणार?

सकाळी मी शेडकडे गेलो, तर सर गाद्या गुंडाळत होते. उंबऱ्यावर दगडूकाका बसलेले. मी तोंड उघडायच्या आधीच काका म्हणाले, "तू बोलू नको. तुले पायजम्याची नाडी बांधता येत नाही, तू काय धोबीपछाड मारतं? मले आंधळा समजला का?" मग सरांकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमी एवढ्या उंचावरून पडले. लागलं काऊन नाही?"

सर म्हणाले, "सीखा है, काका."

काकांनी हात लांबवून गादी दाबून पाहिली. "मागल्या महिन्यात न्हाणीत पाय घसरला माझा," ते हळूच म्हणाले. "नळ धरला म्हणून वाचलो. तवापासून न्हाणीत जाताना छाती धडधडते. कोणाले सांगू? आयुष्यभर पाडतच आलो, पडाचं कसं, हे कोणं शिकवलंच नाही." आणि त्यांनी डोक्याचा रुमाल काढून माझ्या हातात दिला.

सरांनी गादी परत उलगडली. आधी वाकून नमस्कार केला, मग एक हात काकांच्या मानेखाली, एक कमरेखाली, आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तसं त्यांना मागे सोडलं. तळहाताचा फाट् आवाज आला. पाणी भरायला निघालेल्या बायका दारात थबकल्या. ज्या पाठीला कुणी माती दाखवली नव्हती, ती गादीवर टेकलेली होती, आणि हलगी वाजली नाही. काका पत्र्याकडे पाहत पडून राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसत होते म्हातारबा! "बबन्या, लेका, वरून शेड लई मोठी दिसते बे," ते म्हणाले. "काय म्हणतेत ते? एम... एम कालेदू!"

शेडमध्ये कापूस कधीच भरला गेला नाही. मुली परत आल्याच, शिवाय सकाळची एक तुकडी म्हाताऱ्यांची निघाली. लांब भैंशाहून एक आजोबा तर नातवाच्या स्कूटरवर बसून पडायला यायचे.

गेल्या वर्षी सरांच्या बायकोची पुन्हा बदली झाली. हैदराबादची बस नेरडीगोंड्याहून, हायवेवरून पकडायची होती. मी माझ्या गाडीतून दोघांना, गाद्यांना आणि काकूनं दिलेल्या ज्वारीच्या पिठाच्या डब्याला पोचवलं. वाटेत मी एकसारखा बोलत होतो, ते एकसारखे गप्प होते. सिनेमातल्यासारखंच. बस आली. सरांनी बसला नमस्कार केला. ड्रायव्हरही बावचळून हात जोडून बसला. मी जत्रेतला तो फेटा त्यांच्या हातात कोंबला. "हा तुमचा हाय, सर. कुस्ती तुमीच मारली."

त्यांनी फेटा छातीशी धरला, माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, "अन्ना, क्या हुआ?"

तो शब्द मी आजवर गादीवर, मातीत, एकदा तर भाजीबाजारात वांग्यांच्या ढिगावर पडून म्हटला होता. नीट दोन पायांवर उभं राहून म्हणायची पाळी मात्र पहिलीच.

"एम कालेदू, सर," मी म्हटलं.