वहिनीने पाहिलेला चेहरा

दादाचा फोन आला तेव्हा मी दादरला भाजी घेत होते. "सुमे, शालू उठत नाहीये गं," एवढंच तो म्हणाला. जेवणानंतर जरा पडते म्हणून आडवी झालेली माझी वहिनी उठलीच नाही. मी टॅक्सीने लालबागला पोचले तोवर डॉक्टर येऊन, तपासून गेले होते. दादा तिच्या उशाशी बसून तिच्या बोटांवरची रंगाची तांबूस पूड रुमालाने हळूहळू पुसत होता. "राहू दे रे," मी म्हटलं, तेव्हा कुठे त्याचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी हार घालायला फोटो हवा म्हणून आम्ही घरातले सगळे अल्बम खाली काढले. तिच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो सोडले तर शालूवहिनी कुठेच नव्हती. बारशी, मुंजी, साखरपुडे... दादा सगळीकडे, ती कुठेही नाही. जमलेल्या नातेवाइकांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. फोटो निघत होते तेव्हा ती कुठे होती हे मला ठाऊक होतं. ती माझ्याबरोबर होती.

मी कॉलेजात असताना माझ्या ओठाच्या कडेला कोडाचा पहिला डाग उठला. त्याच वर्षी शालूवहिनी आमच्या घरात आली. ती गिरगावातली, परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची, बोलायला फटकळ. एका चुलतबहिणीच्या लग्नात फोटोसाठी सगळे उभे राहिले आणि एक आत्या अगदी गोड आवाजात मला म्हणाली, "तू जरा मागे सरक हं बाळा." मी सरकले. तेव्हापासून फोटोची वेळ झाली की मला मागच्या खोलीत हमखास काहीतरी काम निघायचं. वहिनीने ते पाहिलं असणार, पण विचारलं कधीच नाही. पुढच्या एका कार्यात मी लाडू पिशव्यांत भरत बसले होते, तर ही आली आणि पदर खोचून समोर बसली. बाहेरून हाका आल्या तर म्हणाली, "आमचं काम चाललंय, तुम्ही काढून घ्या!" मी तिला जायला सांगितलं, तर म्हणे, "मला नाही आवडत गं ते. मान वर करा, दात दाखवा..." तिचं हे म्हणणं मी कितीतरी वर्षं खरं मानलं.

डाग पुढे गालावर, मानेवर, हातांवर पसरले. स्थळं आली, गेली, मग यायची थांबली. मी नोकरी केली, घोडपदेवला आईबाबांच्या खोलीतच राहिले. आयुष्य वाईट गेलं असं नाही म्हणणार मी. मैत्रिणी होत्या, नाटकं होती, दर रविवारी लालबागला दादाकडे जेवण होतं. फक्त घरातला आरसा मी केस विंचरण्यापुरताच वापरायचे.

निवृत्त झाल्यावर वहिनीने पेस्टल पेन्सिली आणल्या. खडूसारख्या मऊ, हात लावला की रंग बोटाला लागणार. शार्पनरने तुटतात म्हणून ती ब्लेडने जपून तासायची. खिडकीशी टेबल मांडून चाळीतल्या एकेकाला समोर बसवायची, आणि दादा पोह्यांत रंग उडाला म्हणून कुरकुरायचा. पेटीत फिकट गुलाबी अशी एक पेन्सिल होती, शाळेतली मुलं जिला 'स्किन कलर' म्हणतात ती. वहिनीने ती मला दाखवली. "ही कुणाची कातडी गं? आपल्या चाळीत तरी कुणाची नाही." कातडीला ती एक रंग कधी लावत नसे. आधी सावलीच्या जागी हिरवट, निळसर हात, त्यावर विटकरी, त्यावर गव्हाळ, मग बोटाने हलकेच पसरवायचं. खालचे रंग दिसत नसत, पण चेहऱ्यात जीव यायचा. बहुतेकजण हळूच सांगायचे, "मॅडम, थोडं उजळ करा." एकट्या तावडेआजी निघाल्या वेगळ्या. काळ्याभोर, सुरकुतलेल्या, मालवणकडच्या. बसता बसताच त्यांनी बजावलं, "माका गोरी करू नको हां गो! वर गेल्यार आमचो म्हातारो माका वळकूचो नाय." वहिनी इतकी हसली की पेन्सिल हातातून पडली.

मग एका रविवारी तिने मला विचारलं, "तू बसशील?" मी नाही म्हटलं. तिने विषय सोडला. पुढे मीच एकदा म्हटलं, "बसते, पण चित्रात डाग दाखवायचे नाहीत." ती पेन्सिल तासता तासता म्हणाली, "मग ते तुझं चित्र कसं होईल, वन्सं? तुझ्यासारख्या दिसणाऱ्या कुणातरी बाईचं होईल." रागावली की ती मला वन्सं म्हणायची. मी जेवून निघून आले. पण घरी गेल्यावर मला चैन पडेना. तीस-पस्तीस वर्षं ही बाई माझ्याकडे नजर न चुकवता बघत आली, तिला काय दिसतं ते एकदा बघावं असं वाटायला लागलं.

मी बसले. काही रविवार गेले आणि एक दिवस तिने कागद टेबलावर पालथा घातला. "बिघडलं," म्हणाली. मी जबरदस्तीने पाहिलं. चेहरा माझाच होता, पण डाग वरून कागद चिकटवल्यासारखे दिसत होते. माझं तोंड उतरलं. मला वाटलं, असेच दिसत असतील. ती म्हणाली, "नाही गं, चूक माझी आहे. मी आधी चेहरा काढला आणि मग डाग काढले. बघ, उन्हाला कळतं का डाग कुठे सुरू होतो? ते गालाच्या हाडावरून सरळ पुढे जातं."

तिने नवा कागद घेतला. मधल्या छटेचा, मातकट. या वेळी ती बराच वेळ नुसती बघत राहायची, आणि पुटपुटायची. "हे पांढरं नाहीच मुळी. यात गुलाबी आहे, थोडं पिवळं. कडेला तर चक्क जांभळट..." कुणी आपल्या डागांविषयी इतक्या कुतूहलाने बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. हळूहळू माझे खांदे सैल झाले. चित्र पुरं झालं तेव्हा मी भीत भीत समोर गेले, आणि तोंडातून निघालं, "अगं, ही तर आई!" हनुवटी आईची, डोळ्यांतलं हसू आईचं. मला ते कधी दिसलंच नव्हतं. डाग होते, सगळे होते, पण ते शोधायला मला परत वाकून बघावं लागलं. वहिनी खुर्चीत मागे टेकून रडत होती. मी पण.

ते चित्र तिने दर्शनी भिंतीवर लावलं. गणपतीला नातेवाईक आले. तीच आत्या, आता थकलेली, चित्रापुढे थांबली. "छान आलंय गं... पण..."

"पण काय, आत्याबाई?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. चहा टाक."

त्या संध्याकाळी मखरापुढे सगळे फोटोला उभे राहिले. वहिनी सवयीने आत जायला वळली. मी तिचा हात धरून तिला पुढच्या ओळीत ओढलं. अल्बममध्ये नाही, पण एका नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये तो एकच फोटो आम्हाला सापडला. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये, शेजारी बघतेय, माझ्याकडे. त्यातूनच तिचा चेहरा मोठा करून घेतला. हार त्यालाच घातला.

गेल्या रविवारी लालबागला गेले. तिच्या टेबलावरचं चित्र कुणी हलवलेलं नाही. ते दादाचं आहे, अर्धं. एक गाल, एक कान आणि कपाळ झालंय, बाकी नुसत्या रेषा. मी आत आले तर दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसला होता, तोंड उजेडाकडे, हनुवटी किंचित वर. मला बघून ओशाळला.

"या वेळेला बसायची सवय झालीये," तो म्हणाला. "जरा हललो तरी ओरडायची."

मी समोरची तिची खुर्ची ओढून घेतली आणि बसले.

"मग हलू नकोस," मी म्हटलं.