अकराच्या तासाचा राग

गाडी शिकवणाऱ्या बाईंना शिकणारे माघारी 'मिरची' म्हणत. खरं तर सकाळी सातच्या पहिल्या तासाला बाई अगदी गोड असत. "क्लच हळू सोडा, घाई नाही," असं समजावून सांगत. पण दहा वाजून गेले की त्यांचं बिनसायला लागे, आणि अकराच्या तासाला येणारा तर गिअर टाकायच्या आधीच बोलणी खाई.

घरी उठल्यापासून धावपळ. मुलीची वेणी, नवऱ्याचा डबा, आणि स्वतःसाठी उभ्याउभ्या कपभर चहा. "सकाळी मला घास गिळवतच नाही," हे त्या लग्नाआधीपासून सांगत आल्या होत्या. अकराच्या सुमारास डोकं दुखायचं, मग एक गोळी. बाईंचा स्वभावच तापट, असं घरीदारी सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्यांनी स्वतःसुद्धा.

एकदा एक निवृत्त नर्स गाडी शिकायला आल्या. वय बासष्ट. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांच्या वाट्याला अकराचा तास आला. चौथ्याच दिवशी वळणावर सिस्टरांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, पण नेमकी तेव्हाच बाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाय उशिरा पडला. गाडी दिव्याच्या खांबाला जाऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही, बंपर तेवढा चेपला. मग मात्र बाईंच्या तोंडाचा पट्टा जो सुटला!

सिस्टरांनी शांतपणे इंजिन बंद केलं आणि बाईंचा हात धरला. गार, घामेजलेला हात थरथरत होता.

"सकाळपासून पोटात काय गेलंय?"

"चहा."

"आणि?"

"आणखी एक चहा."

"म्हणजे काल रात्रीपासून तुम्ही उपाशी. चार जणांना रस्त्यावरून सांभाळून आणायचं, तेही रिकाम्या पोटी? हे धरा केळं. आधी खा, मग रागवा."

बाईंनी निमूटपणे खाल्लं. सिस्टरांच्या पिशवीतले मूठभर शेंगदाणेही खाल्ले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सिस्टर, अजून बरंच रागवायचं राहिलं होतं. पण आता जमेना." दोघी हसत सुटल्या.

सवय काही एका दिवसात लागली नाही. सुरुवातीला अर्धं केळंही घशाखाली उतरेना. सिस्टर म्हणाल्या, "रात्रीचं जेवण लवकर करा." तसं केल्यावर मात्र सकाळी आपसूक भूक लागायला लागली. नवरा म्हणाला, "अंडी मी उकडत जाईन. मला तेवढंच येतं." मधे आठवडाभर बाईंनी पुन्हा नुसत्या चहावर भागवलं आणि दोन शिकाऊ रडवले. त्यानंतर त्यांनी खाडा केला नाही.

डोकेदुखी हळूहळू कमी झाली. शेवटच्या तासालाही हात स्थिर राहू लागला. राग अजून येतो, नाही असं नाही, पण आता त्याला कारण लागतं. सिस्टर तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झाल्या, आणि त्या दिवशी बाई त्यांच्याहून जास्त खूश होत्या.

आईचं बघून नुसत्या अर्ध्या कप दुधावर शाळेत पळणारी मुलगीही आता टेबलाशी बसते. सव्वासहाला तिघं दूध, फळं, अंडी खात असतात. परवा मुलगी म्हणाली, "बाबा, आज अंडी कच्ची राहिलीत."

बाई म्हणाल्या, "गप खा गं. शिकताहेत ते."