राजपुत्राचं खोगीर

साताऱ्याहून निघाले त्या सकाळी मी चष्मा कपाटावरच विसरले होते. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हा आईचा नियम. मग ती माऊली मधल्या बोळातून अनवाणी पळत येऊन रिक्षापुढे उभी राहिली. चष्मा हातात देत म्हणाली, "दोन वर्षांत ये." इंग्लंडात साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलातली ट्रेनिंगची नोकरी दोनच वर्षांची होती. आता माझा ओंकारच चोवीस वर्षांचा झाला.

तुम्ही सगळ्या मैत्रिणी फोनवर विचारता, परत कधी? गेल्या दिवाळीपर्यंत उत्तर तयार होतं. साताऱ्याला फ्लॅट घेऊन ठेवलाय, ओंकारचं मार्गी लागलं की निघालोच. पण पठ्ठ्याने स्वतःचं स्वतःच मार्गी लावलं. जेवताना म्हणाला, "आई, मी आर्मीत जाणार. ऑफिसर."

"कुणाच्या आर्मीत?"

"व्हॉट डू यू मीन, कुणाच्या? आपल्या."

मी रडले, ओरडले, अबोला धरला. तो शांतपणे म्हणाला, "पण पणजोबा पण हेच आर्मीमध्ये होता ना?" होते. माझे आजोबा इंग्रजांच्या फौजेतून इटलीत लढून आले, आणि त्यांचा फोटो आमच्या हॉलमध्ये मीच कौतुकाने लावलाय. आई तर फोनवर चक्क खूश होती. "पोरगं तुझ्या आजोबांवर गेलंय!" म्हणाली. मला तिचाही राग आला.

त्याच सुमारास मी आणि हे फार्नबरोचा मठ बघायला गेलो. तळघरात तीन दगडी शवपेट्या आहेत. फ्रान्सचा गादी गेलेला बादशहा, त्याची राणी आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. राज्य गेलं तेव्हा ही मंडळी इंग्लंडच्या आश्रयाला आली. पोरगा इथल्याच लष्करी शाळेत शिकला, आणि इंग्रज झुलू लोकांवर चालून गेले तेव्हा हट्टाने त्यांच्याबरोबर आफ्रिकेला गेला. झुलू स्वतःच्या जमिनीसाठी लढत होते. हा कशासाठी, असं मी मठातल्या फादरना विचारलं. ते म्हणाले, "ही वॉन्टेड टु बी युजफुल, आय सपोज."

टेहळणीवर असताना अचानक हल्ला झाला. बाकीचे घोड्यांवर बसून निसटले. याने खोगिराचा पट्टा धरून उडी घेतली आणि पट्टाच तुटला; झुलूंनी त्याला तिथेच गाठून मारलं. खोगीर त्याच्या वडिलांचं होतं म्हणतात, जुनं, आठवण म्हणून नेलेलं. त्याची आई पुढे आफ्रिकेत जाऊन तो पडला ती जागा बघून आली. मग फार्नबरोला घर घेतलं आणि समोरच्या टेकडीवर मुलासाठी हा मठ बांधला. एवढी महाराणी, पण पोराला अडवणं काही तिला जमलं नाही. तिथे मला जे रडू फुटलं, ते गाडीत बसेपर्यंत थांबेना.

ओंकारला लष्करी अकादमीत सोडायचा दिवस आला. प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचं इस्त्रीचं घडीचं टेबल आणायचं, अशी तिथली रीत. तेही मीच घेऊन दिलं. निघण्याआधी मी त्याच्या बॅगांचा एकेक पट्टा ओढून ओढून पाहिला. आजोबांचा फौजेतला कंबरपट्टा त्याला हवा होता, तो मात्र दिला नाही.

"जुना आहे रे, तुटेल."

"आई, इट्स ओन्ली अ बेल्ट," तो हसला.

गेटवर सगळी पोरं-पोरी काखेत टेबलं मारून आत चालली होती. त्यांच्यात माझाही. हाक अगदी तोंडाशी आली, पण मागून कशी मारू? काहीतरी विसरला असेल, ते घेऊन पुढे पळत जाईन म्हणून मी मागची सीट चाचपली. पोरगं काहीच विसरलं नव्हतं.

तर साताऱ्याचा फ्लॅट आम्ही भाड्याने देतोय. ओंकार सुट्टीवर येईल तेव्हा दार उघडायला कुणीतरी इथे हवं. घर म्हणजे आता तेवढंच.

त्या दिवशी गेटवरून परतताना गाडीतून आईला फोन लावला.

"मागून हाक नाही ना मारलीस?"

"नाही गं."

"मग येईल परत."

मला निघताना तिने हाक मारली नव्हती, हे दोघींनाही एकदमच आठवलं असावं. कारण तिने लगेच विचारलं, "चष्मा आहे ना गं जवळ?"