वरच्या टप्प्यावरचा पवन्या

गवत कापायच्या आधी आई टेकडीवर नुसती फिरून यायची. कुसळी गवत टोचायला लागायच्या आत कापून टाकायची. पवन्या या वासाच्या गवताला मात्र तुरा आल्याशिवाय विळा लावायचा नाही, हा तिचा नियम. पवन्याच्या पेंढ्या ती वेगळ्या बांधायची. सोलापूरच्या बाजारात गिऱ्हाइकानं नाक मुरडलं, की तीच पेंढी त्याच्या नाकाशी धरायची. "वास घे, मग बोल." भाव करायला मी तिच्याकडून शिकले. आज माझं स्वतःचं कडब्याचं दुकान आहे, पण तो वास दुकानात कधी आला नाही.

वाटणीत मी धाकट्या भावाला हक्कसोड लिहून दिलं. एवढंच म्हणाले, टेकडीवरचं गवत माझं. तेव्हा "व्हय की आक्का" म्हणणाऱ्या भावानं गेल्या उन्हाळ्यात टेकडीवर झाडांसाठी खड्डे घेतले. मला विचारलंही नाही. माळ पडीक आहे, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. पडीक! गल्ली गोळा होईल एवढी मी भांडले.

त्याची मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. टेकडीवरच्या गवतांची नोंद करायचं काम तिनं घेतलं होतं. रद्दीत दाबून वाळवलेली गवतं ती माझ्यापुढं मांडायची, मी आमच्याकडची नावं सांगायची. पवन्यापाशी आम्ही अडलो.

"आत्या, लोक दोन गवतांना पवन्या म्हणतात. आज्जीचा कुठला, ते नुसत्या पानावरून नाही सांगता येणार. तुरा हवा, आणि मुळासकट हवा."

पवन्या उरला होता फक्त वरच्या टप्प्यावर. खड्डे अजून तिथवर गेले नव्हते. मी पुन्हा भावाकडे गेले. या खेपेला आवाज चढवला नाही. सौद्यात दुसऱ्यांदा ओरडणाऱ्याचा भाव पडतो.

"वरचा तुकडा फुलेपर्यंत ठेव."

"गवत फुलायची वाट बघू? लोकं हसतील की."

"हसू देत. माझ्या नावानं हसतील."

त्यानं ठेवला. शेळ्यासुद्धा वर चढू दिल्या नाहीत.

दसरा झाल्यावर एका सकाळी दुकानासमोर टेम्पो थांबला. भाऊ उतरला आणि भारे खाली टाकायला लागला.

"घे आक्का, तुजा हक्क. एक काडी बी ठेवली न्हाय वर."

सगळा पवन्या, ऐन तुऱ्यात, जमिनीलगत कापलेला. फुलेपर्यंत ठेव म्हणजे आमच्या घरात दुसरा अर्थच होत नाही. पवन्या फुलला की कापायचा. मी तोंडाला येईल ते बोलले. तो भाऱ्यावर बसून राहिला.

"मग काय करायचं हुतं त्याचं?"

मी एक पेंढी उचलली. गवताचाच पीळ, गाठ न मारता आत खोचलेला. आई अगदी अशीच खोचायची. पीळ सोडला आणि वास आला. मी बराच वेळ पेंढी तोंडाशी धरून उभी होते. भाऊ दुसरीकडे बघत होता.

भाची आली ती भिंग घेऊनच. तुरे बघितले, पुस्तकाशी ताडले. "त्या दोघांतला हा शेडा. आज्जीचा पवन्या म्हणजे शेडा. पण मुळं?"

त्याच टेम्पोतून आम्ही तिघं टेकडीवर गेलो. भावानं कुदळीनं खुंट अलगद उचकटले, भाचीनं माती झाडून ते तुऱ्यांशेजारी कागदावर ठेवले.

"लागलं न्हवं नाव?" भाऊ म्हणाला. "आता खड्डे घेतो."

"नाही. हा टप्पा गवतालाच राहील."

"पुढल्या दिवाळीपातुर ठेवतो."

"कायमचा."

"लई ताणतीस आक्का."

ऊन कलेपर्यंत ताणलं. शेवटी वरचा टप्पा गवताला सुटला. अर्धा त्यानं कापायचा, अर्धा बी पडेपर्यंत उभा ठेवायचा. खालचे खड्डे बुजवायला मात्र तो तयार झाला नाही. तेवढं मी अजून सोडलेलं नाही.